पाखोमचा आचारी

टण्ण.

ओट्यावर वाळत ठेवलेली कुकरची शिट्टी कशी कोण जाणे घरंगळली आणि फरशीवर जाऊन पडली. आवाज तो केवढासा, पण दुपारचे दोन वाजलेले, पवनीतली अख्खी गल्ली जेवून आडवी झालेली. त्या चिडीचूप वेळी तो घरभर फिरून आला. रुचिताची बोटं लॅपटॉपवर जिथल्या तिथे थांबली. तिने श्वास रोखून आतल्या खोलीचा कानोसा घेतला.

"आई," आतून आवाज आलाच. "झोप झाली मायी."

रुचिताने घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. पाच वर्षांच्या लेकीने आज पंचवीस मिनिटांची झोप घेतली होती आणि तेवढ्यात आईच्या साडेतीन ओळी झाल्या होत्या. प्रतिक्षा डोळे चोळत बाहेर आली, आईच्या मांडीत घुसली आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो शिपाई सुटला काय कोठडीतून?"

नागपूरचा एक छोटा प्रकाशक मुलांसाठी जगभरच्या संतांची चरित्रं काढत होता. इंग्रजीतून मराठी करायचं काम रुचिताला घरबसल्या मिळत असे. या वेळी तिच्या वाट्याला आला होता संत पाखोम. सतराशे वर्षांपूर्वीचा, इजिप्तमधला, नाईल नदीच्या काठचा. त्याच्या आधीही देवाचं नाव घेत वाळवंटात एकेकटे राहणारे साधू होते. पण सगळ्यांनी एका छपराखाली राहावं, एका चुलीवरचं खावं, एकमेकांची दुखणीखुपणी काढावी, असा मठ त्याने उभा केला.

रुचिताची काम करायची रीत तिची तिलाच सापडलेली होती. एक पान वाचायचं, मग ते आपल्या घरच्या बोलीत प्रतिक्षाला सांगायचं. लेक जिथे "काहून?" म्हणेल तिथे वाक्य अजून कच्चं आहे असं धरायचं. ते पक्कं झालं की मगच पुस्तकी मराठीत उतरवायचं. प्रकाशकाला हे ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, मॅडम, तुमची भाषा फार सोपी असते.

"सुटला," रुचिता म्हणाली. "पण त्याच्या आधी काय झालं ते आयक. राजाच्या शिपायांनी गावोगावचे जवान पोट्टे धरून आणले आन कोठडीत कोंबले. पाखोमही होता त्यात. भूक लागली, थंडी वाजून राहिली, रडू येऊन राहिलं. तं त्या गावची माणसं आली, भाकरी घेऊन, पाणी घेऊन. ना वळखीचे ना पाळखीचे. पाखोमनं इचारलं, हे कोण होत? तं कोणी सांगतलं, हे ख्रिस्ताले मानणारे लोक होत, हे सगळ्याईचंच करतात."

"काहून करतात?"

"तेच तं पाखोमले समजलं नाही. म्हणून त्यानं ठरवलं, सुटलो तं मीही असंच करीन."

प्रतिक्षाला हे पटलं. "मामासारखं," ती म्हणाली. "मामाही सगळ्याईचा झाला ना?"

रुचिताने लॅपटॉप मिटला. सकाळपासून ती ज्या विषयाला बगल देत होती तोच लेकीने मांडीवर आणून ठेवला होता.

मामा म्हणजे अतुल, रुचिताचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला. त्यांच्या समाजात पुष्कळ पोरं जातात. डोकं भादरायचं, चिवर नेसायचं, दहा दिवस भिक्खूसारखं राहायचं, बारानंतर जेवायचं नाही आणि अकराव्या दिवशी घरी येऊन आईच्या हातचं मटण हाणायचं. त्यांच्या एकोडी गावाहून पंधरा पोरं गेली होती. दीक्षेच्या मांडवात भंतेजींनी माईकवरून विचारलं होतं, आईवडिलांची परवानगी आहे ना? ही परवानगी मागायची चाल थेट बुद्धाच्या काळापासूनची. पंधरा आया एका सुरात "हाये" म्हणाल्या. त्यांतली एक धुरपता, अतुल-रुचिताची आई. बाप डोमा त्याच्या दोन वर्षं आधी वारला होता, त्यामुळे कागदावर सहीही तिचीच. अकराव्या दिवशी चौदा पोरं घरी आली. अतुल आला नाही. त्याचं नाव आता सीवली होतं.

तेव्हापासून धुरपताने लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. तो दोनदा एकोडीला आला, दोन्ही वेळा ती निंदणाच्या नावाखाली धानाच्या बांधीत जाऊन बसली.

आता अतुलला पूर्ण भिक्खू व्हायचं होतं. ती दीक्षा घेऊन पुढे पाच वर्षं श्रीलंकेत शिकायला जायचं होतं. आणि त्या दीक्षेआधी पुन्हा विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का? बाप नाही, तेव्हा आईचा होकार तरी हवा. येत्या रविवारी तो पवनीच्या विहारात मुक्कामाला येणार होता आणि रुचिताच्या घरी त्याचं भोजनदान होतं. मंगळवारी तो जाणार. त्याआधी धुरपता "हो" म्हणाली नाही, तर सगळं तिथेच अडणार होतं. खरं तर रुचिताला हो-नाहीची तेवढी काळजी नव्हती. दोघं एकदा एका छपराखाली बसावीत, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी तिने आईला फोन लावला.

"माय, अतुल येऊन राहिला रविवारी."

"येऊ दे. तुयं घर, तुयं दान."

"तू पण ये ना वं."

"मी येऊन काय करू? तो वरती आसनावर बसन आन मी खाली डोकं टेकवू? ज्याचा शेंबूड पुसला, त्याले वंदामि भंते म्हणू?"

"नको म्हणू. निसती ये."

"धानाचं चुरणं चालू हाये. चिंधूचे मजूर येऊन राहिले रोज, त्याईले चहा कोण देईन?"

"चिंधूकाका देईन एक दिवस."

"चिंधूच्या हातचा चहा पेऊन मजूर पळून जातीन," धुरपता म्हणाली आणि फोन ठेवला.

पण शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दोन एसट्या बदलून, डोक्यावर अर्ध्या पोत्याचं गाठोडं घेऊन, धुरपता दारात उभी. चेहरा असा, जणू या गावात चुकून उतरली.

"नवा तांदूळ आणला पोरीसाठी," उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं. "उद्या सकाळच्या आठच्या गाडीनं वापस. मले थांबवू नको."

"नाही थांबवत," रुचिता म्हणाली आणि आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

जेवणं झाली. धुरपता मधल्या खोलीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. प्रतिक्षा तिला टेकून. रुचिताने लॅपटॉप उघडला. सोमवारपर्यंत दोन प्रकरणं द्यायची होती आणि घरात पाहुणी आहे म्हणून सोमवार काही पुढे सरकणार नव्हता.

"आजी, आयक," प्रतिक्षाने बजावलं. "आई पाखोमचं सांगते. मधात बोलाचं नाही."

"कोण पाखोम?"

"साधू होता. त्यानं घर बांधलं आन लय माणसं राहाले आली. पयले तोच सगळ्याईचं रांधे, तोच भाजी लावे, तोच बिमाराईचे पाय दाबे. दुसऱ्याईले म्हणे, तुमी प्रार्थना करा, मी भांडे घासतो."

"बरा होता मंग," धुरपता म्हणाली. भांडी घासणारे पुरुष तिने आयुष्यात फार पाहिले नव्हते.

रुचिताने पुढचं पान सांगायला घेतलं. याच पानापाशी ती चार दिवस अडली होती. पाखोमची बहीण, मारिया तिचं नाव, कित्येक वर्षांनी भावाला पाहायला मठाच्या फाटकाशी आली. पाखोम आतून बाहेर आलाच नाही. द्वारपालाच्या हाती निरोप धाडला, मी जिवंत आहे हे तुला कळलं, भेट झाली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुलाही असंच जगायचं असेल तर तुझ्यासाठी घर बांधून देतो. ती फाटकाशी बसून खूप रडली. मग तिने होकार दिला. नदीच्या पलीकडे तिच्यासाठी घर बांधलं गेलं, हळूहळू तिच्याजवळही बायका जमल्या, आणि बायकांचा तो मठ तिने चालवला.

सुपातला हात थांबला होता.

"आन मंग भेटले कई?"

"पुस्तकात नाही माय."

"एक या काठाले, एक त्या काठाले. घर बांधून देलं, पण तोंड नाही दाखवलं! असा कसा वं साधू? आन त्याची माय? माय नाही आली काय फाटकावर?"

"मायचं काही लिहिलंच नाही."

"तुया पुस्तकात कामाचं काहीच नाही," धुरपताने सूप जोरात पाखडलं.

प्रतिक्षा आजीकडे बघत होती. "आजी, तू पण मामाले भेटत नाही ना?"

"ते अलग. तो पाखोम लपून बसला. मी लपून नाही बसली कई."

"मंग आठच्या गाडीनं काहून चालली?"

रुचिताने ओठ दाबून पडद्यात डोकं घातलं. धुरपताने नातीच्या पाठीत हलकीशी चापट मारली. "तुयी माय शिकवते काय तुले हे?" पण हसू तिलाही आवरलं नाही. मग थोड्या वेळाने, तांदळातला खडा बोटाने उडवत तीच म्हणाली, "सांग पुढं. काय केलं मंग त्या भल्या माणसानं?"

पुढचं प्रकरण होतं आचाऱ्याचं.

मठ वाढले, पाखोमला या मठातून त्या मठात जावं लागे. एकदा निघताना त्याने आचाऱ्याला सांगितलं, भावांसाठी रोज भाजी शिजवत जा, वर थोडं तेल घाल. दोन महिन्यांनी परत आला, तर एकाने तक्रार केली, तुम्ही गेलात तेव्हापासून शिजवलेलं काही ताटात पडलं नाही. पाखोम मुदपाकखान्यात गेला. चुलीवर भांडंच नव्हतं. आचारी चटया विणत बसला होता.

"काहून?" प्रतिक्षा म्हणाली.

"तं आचारी म्हणे, महाराज, मी रोज एवढं शिजवतो आन हे कोणी खात नाहीत. ज्याले त्याले उपास धराचा राहते. मीठभाकर खाऊन उठतात. मी तेल वाया काहून घालवू? त्यापेक्षा चटया विणल्या. पाचशे झाल्या."

"शाहाणा होता," धुरपताने मान डोलावली. "घरची बाई असती तं तिनंही हेच केलं असतं."

"पाखोमनं त्या पाचशे चटया मागवल्या. आन पेटवून देल्या."

"अवं माय!" धुरपताने सूपच खाली ठेवलं. तिच्या एकोडीच्या शेजारी शकुनबाई सिंदीच्या चटया विणायची. एका चटईला किती पानं लागतात, किती दिवस बोटं सोलून निघतात, ते धुरपताला पाठ होतं. "पाचशे! जाळल्या? डोस्कं फिरलं होतं काय त्याचं?"

"मलेही तसंच वाटलं," रुचिता म्हणाली. आणि मग तिने इंग्रजी पानाकडे पाहत, वाक्य मनात जुळवत, सावकाश सांगितलं, "पाखोम आचाऱ्याला म्हणाला, तू त्यांच्यासमोर ताटच ठेवलं नाहीस. समोर ताट असलं, वाफ नाकात गेली, हात पुढं झाला आन मंग माणसानं तो मांग घेतला, तं त्यानं काही सोडलं. तू शिजवलंच नाही, तं त्यानं काय सोडलं? तू त्यांचा उपास चोरला."

धुरपताने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. प्रतिक्षाने या वेळी "काहून" म्हटलं नाही. तिला झोप येत होती. रुचिता लिहायला लागली. बऱ्याच वेळाने, ती दुसऱ्याच ओळीवर असताना, आईचा आवाज आला. आवाज तिच्याशी बोलत नव्हता, सुपाशी बोलत होता.

"मले कोणं इचारलं?"

रुचिताने मान वर केली.

"मांडवात इचारलं, भोंग्यावर. पंधरा जणी हाये म्हणाल्या, मीही म्हटलं. फोटोवाला उभा होता, नवं लुगडं नेसली होती मी. दहा दिवसाचं इचारलं आन जन्माचं नेलं. मी देलं म्हणतात लोक. विहारातले वासुदेवराव भेटले तं म्हणतात, धुरपताबाई, तुमी धन्य, पोरगा धम्माले देला. मी कई देला? माया हातून कोणं घेतला?" तिने सुपातल्या तांदळाची मूठ भरली आणि पुन्हा सोडली. "मले इचारलं असतं तं मी नाहीच म्हटलं असतं. पण ते नाही तरी माया जवळ राहिलं असतं ना वं."

रुचिताला वाटलं, उठून आईजवळ बसावं. पण धुरपता जवळ बसू देणाऱ्यांतली नव्हती. ती लगेच उठून कामाला लागणाऱ्यांतली होती. तशी ती उठलीच. सूप भिंतीला टेकवून स्वयंपाकघरात गेली. डब्यांची झाकणं वाजली. "चहाची पत्ती कुठं ठेवते तू?" असं दोनदा ओरडून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा करून आणला.

रात्री चिखल्याहून धर्मेंद्र, रुचिताचा नवरा, घरी आला. मॅंगनीजच्या खाणीत त्याची नोकरी. आठवडाभर तिथेच कॉलनीत राहायचा, रविवार तेवढा घरचा. सासूला पाहून त्याने बायकोकडे भुवया उडवल्या. रुचिताने मानेनेच सांगितलं, बोलू नका, पक्षी उडून जाईल.

सकाळी सहाला रुचिता स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्याखाली झाकलेलं एक पातेलं तिच्या पायाला लागलं. झाकण उचललं. पाण्यात टम्म फुगलेली लाखोरीची डाळ. वडे करायचे तर ही डाळ आदल्या संध्याकाळीच भिजत घालावी लागते. आणि लाखोरीचे वडे अतुलला किती प्राणप्रिय होते, ते रुचिताला सांगायला नको होतं.

धुरपता न्हाऊन, केस बांधून मागच्या दाराशी वांगी चिरत होती.

"माय, आठची गाडी?"

"जाईन ना. गाड्या काय एकच राहते?" विळीवरून नजर न उचलता ती म्हणाली. "पाटा दाखव तुया. मिक्सरमध्ये नको वाटू, गोंद होते त्याचा."

साडेदहाला बाहेर स्कूटर थांबली. पुढे वासुदेवराव, विहाराचे जुने उपासक, निवृत्त मास्तर. मनगटावर भलंमोठं घड्याळ. मागे मातकट केशरी चिवरात अतुल. बारीक झाला होता. डोकं तुळतुळीत. उंबऱ्याशी धर्मेंद्रने त्याच्या पायांवर पाणी घातलं, रुचिताने पांढरा कपडा अंथरलेल्या आसनाकडे हात केला. दोघांनी वाकून त्रिवार वंदन केलं. प्रतिक्षानेही केलं, आणि तिसऱ्यांदा वाकताना डोकं वर करून मामाला डोळा मारला. सीवली भंतेंनी मोठ्या गंभीरपणे दुसरीकडे पाहिलं.

धुरपता स्वयंपाकघरात होती. कढईचा आवाज येत होता. मघापासून घरभर एक वास भरला होता, आणि आसनावर बसल्या बसल्या अतुलच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते रुचिताने पाहिलं. पण समोर काय येईल ते घ्यायचं, मागायचं नाही, हा त्याचा नेम. त्रिशरण-पंचशील झालं. भात आला, वरण आलं, वांग्याची भाजी आली. रुचिता दोन्ही हातांनी पात्रात वाढत गेली.

"अकरा वाजून पाच," वासुदेवराव म्हणाले. "सावकाश चालू द्या, वेळ आहे."

"वडे राहिले," रुचिता म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथून कोणी हललं नाही. तिने मुद्दाम स्वतः जायचं टाळलं. धर्मेंद्र उठू लागला, तर तिने त्याला नजरेनेच खाली बसवलं. अतुलचा हात पात्रावर थांबलेला.

मग धुरपता आली. एका हातात ताटली, दुसऱ्यात झारा, कपाळाला पिठाचा डाग. खोलीच्या मध्यात येऊन उभी राहिली. भिक्खूला देताना वाकून द्यायचं असतं. ती वाकली नाही. लेकाकडे पाहत राहिली. दोन वर्षांचं पाहणं एकदम.

अतुलने पात्र दोन्ही हातांनी पुढे केलं, होतं त्याहून थोडं वर. तिला वाकावं लागू नये एवढं.

तिने चार वडे घातले. पाचवा घातला. "सहावा नको," तो म्हणाला. तिने सहावा घातला.

तेव्हा अतुलने पात्रातला एक वडा उचलला आणि तिच्या हातातल्या रिकाम्या ताटलीत ठेवला.

वासुदेवराव सावरून बसले. "भंते, दानातलं गृहस्थाला..."

"मायबापाले देता येते," अतुल म्हणाला. "बाकी कोणाले नाही. मायबापाले आपल्या पात्रातलं देता येते, तशी सूट हाये." आणि आईकडे बघून, "खाली बस माय. माया संगं खा."

"माय" हा शब्द त्या खोलीत इतक्या साधेपणाने पडला, की धुरपता खरंच खाली बसली. भिंतीला पाठ टेकून, पाय दुमडून. वडा मोडला. तोंडात घातला.

"मीठ कमी झालं," ती म्हणाली.

"बरोबर हाये."

"तुले काय समजते. तुले आळणीची आदत लागली असन आता."

अतुल हसला. हसताना तो पुन्हा एकोडीचा झाला, दप्तर फेकून आंब्यावर चढणारा. मग त्याने खाणं थांबवलं.

"माय, मले तुले एक सांगाचं हाये. त्या वेळी, शिबिराच्या वेळी, मले ठाऊक होतं. दहा दिवसानं मी येणार नाही, हे मले घरून निघतानाच ठाऊक होतं. तुले सांगतलं असतं तं तू सही केली नसती. म्हणून नाही सांगतलं."

रुचितालाही हे माहीत नव्हतं. ती इतके दिवस समजत होती, की त्या दहा दिवसांत त्याचं मन बदललं.

"खोटं बोलून घेतलेली परवानगी होती ते," अतुल पुढे म्हणाला. "आता पुरं सांगून इचारतो. मले जन्मभराचा भिक्खू व्हायचं हाये. पयले पाच वर्षं श्रीलंकेत. तू नाही म्हटली तं मी जाणार नाही. चिवर विहारात ठेवीन आन तुया संगं एकोडीले येईन. राग ठेवणार नाही."

धुरपता ताटलीतल्या उरलेल्या वड्याकडे बघत बसली. मागच्या गल्लीत कोणीतरी बादली आपटली. वासुदेवरावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असावं, वेळ सांगितली नाही.

"खरंच येशील?"

"येईन."

"धानाचे परे लावशील? चिखलात उतरशील? ते डोस्कं घेऊन? लोक हासतीन."

"हासू दे."

"बायको करून देईन म्हटलं तं?"

अतुलने चिवराचं टोक सारखं केलं. "तू म्हणशील ते."

धुरपताने मान वळवून लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग पुन्हा लेकाकडे. रुचिताला त्या नजरेत काय दिसलं ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. आई सौदा करत नव्हती, परीक्षाही घेत नव्हती. फार दिवसांनी आपली वस्तू हातात आल्यावर माणूस ती उलटीपालटी करून पाहतो, तसं ती पाहत होती.

"मंग जा," ती म्हणाली.

"माय?"

"जा म्हटलं ना. येतो म्हणाला तू. आता माया हातून जा." तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "आन कागद आणला असन तं दे. सही करीन मी. मागच्या वेळी त्या पोट्ट्यानं अंगठा लावाले सांगतला, मी म्हटलं मले सही येते. धु, र, प, ता, सगळं येते मले."

वासुदेवराव घाईघाईने पिशवी चाचपू लागले. त्यांचा चष्मा धुकटला होता. "कागद नंतर," धुरपताने त्यांना दटावलं. "पयले त्याले जेवू द्या. बारा वाजतीन."

अतुल जेवला. सहाही वडे, नाही, पाच. एक आईने खाल्ला होता. बाराला आठ मिनिटं कमी असताना त्याने पात्र बाजूला ठेवलं. मग त्याने आशीर्वादाची पाली गाथा म्हटली. धुरपताने ती सगळी ऐकली, हात मांडीत ठेवून.

निघताना तो अंगणात पायरीखाली उभा, ती वर उंबऱ्यात. त्याच्या डोक्यावर, उजव्या कानामागे, लहानपणी विळ्याने कापलेल्याची खूण केस नसल्यामुळे आता उघडी पडली होती. धुरपताचा हात त्या खुणेकडे गेला. भिक्खूला बाईमाणसाने हात लावायचा नसतो, आईनेही नाही. अतुलने मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. लावला असता तरी तो सरला नसता. हात वीतभर अंतरावर थांबला. कोणी थांबवला नाही, आपला आपण थांबला.

"औषध लावत जा," ती म्हणाली. एवढ्या जुन्या खुणेला.

स्कूटर गेली. धुरपता बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली, मग आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि खरोखरच झोपली. धर्मेंद्र अंगणात खाटेवर पेपर तोंडावर घेऊन पडला. रुचिता मागच्या दाराशी भांडी घासायला बसली. सोमवार उद्यावर आला होता, पण आता लॅपटॉप उघडावासा वाटेना. प्रतिक्षा जवळ उकिडवी बसून धुतलेले चमचे आपल्या झग्याला पुसून एकेक करून टोपलीत टाकत होती.

"आई, मामा आजीले इचारूनच चालला ना?"

"हो."

"आन आजी नाही म्हटली असती तं? आला असता?"

"आला असता."

"पण आजीनं जाऊ देलं."

"हो माय. देलं."

प्रतिक्षाने एक चमचा उन्हात धरून त्यात आपलं उलटं तोंड पाहिलं. मग तो टोपलीत न टाकता हातातच ठेवला आणि आईच्या साबणाच्या हाताला आपलं कोपर टेकवून, अगदी हळू आवाजात, आजीची झोप मोडू नये म्हणून, विचारलं,

"मंग मी मोठी झाली ना, आन मले लय दूर जाचं राहिलं, आन मी तुले खरं खरं सांगून इचारलं, तं तू काय म्हणशील?"